पडीक लिहिलेली वाळू

मतलय सुटला की माझं डोकं फिरतं. दिवाळी सरली की पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हा कोरडा, गार वारा इतरांना आवडतो. सुरूच्या बनात सुया सरसरतात, समुद्र ताटासारखा सपाट होतो, पाहुणे शाली गुंडाळून वाळूवर उभे राहतात आणि उगवतीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. मी अंगणात चहा घेऊन उभा असतो आणि मला दिसतं ते कंपनीचं कुंपण. हिरवी जाळी, लोखंडी खांब, मध्येच एक पाटी. वारा जाळीतून जाताना बारीक शिट्टी वाजते. घरातली बाकी माणसं म्हणतात, त्यांना ती ऐकू येत नाही. मला येते. मी आवाजाचा माणूस आहे.

म्हणजे पोट लग्नाच्या शूटिंगवर. मालवणात छोटं दुकान, हंगामात रोज कुठेतरी हळद, कुठेतरी सप्तपदी. पण ज्या हिवाळ्याची गोष्ट मी सांगणार आहे त्याच्या आदल्या हिवाळ्यात मुंबईहून रेवा नावाची बाई आली आणि तिने मला तिच्या माहितीपटाच्या आवाजासाठी घेतलं. कुठल्याही कंपनीचे, चॅनलचे पैसे न घेता ती असे माहितीपट काढायची. मिठागरातल्या माणसांवर काढला होता, दगड फोडणाऱ्यांवर काढला होता. आता किनाऱ्यावर आली होती. मला ती पहिल्या दिवशीच आवडली नाही. गरिबांच्या दारात कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसांविषयी माझं मत तेव्हाही वाईट होतं, आजही फार सुधारलेलं नाही. ती म्हणाली, मला नुसतं रेवा म्हणा. मी शेवटपर्यंत मॅडम म्हणालो. तिला ते टोचायचं, हे मला ठाऊक होतं.

तिचा विषय होता आमची वाळू. तोंडवलीच्या अलीकडे आमची वाडी आहे, गाबितांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची. वाडी आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूच्या बनाला लागून एक लांब पट्टी आहे. तिथे आमच्या बायका पिढ्यानपिढ्या मासळी सुकवत आल्या. इंग्रज साहेबाच्या मोजणीत त्या पट्टीपुढे 'पडीक' असं लिहिलं गेलं. हे गुपित नव्हतं, वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. फक्त त्याने कोणाचं काही अडलं नव्हतं. साहेब गेला, त्याचा शब्द राहिला. मग हॉटेल बांधणारी कंपनी आली आणि तो शब्द तिला आयता मिळाला. पडीक जमीन आहे, कोणाची नाही, तर द्या आम्हाला.

माझी मावशी, शेवंतीमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, याच वाडीत दिलेली. नवरा तरुणपणीच गेला. त्या पट्टीवर दक्षिणेच्या टोकाला तिची जागा. शेणाने सारवलेली जमीन, त्यावर जुनं जाळं अंथरलेलं, त्यावर मीठ लावलेले बांगडे ओळीत, आणि कडेला सुका जवळा, ज्याला आम्ही गोलमो म्हणतो, त्याचा गुलाबी ढीग. हेडफोन लावून मी पहिल्यांदा तिच्याजवळ माइक धरला तेव्हा मला कळलं की ती जागा किती बोलते. सुकणारा बांगडा उलटताना जाळ्यापासून सुटतो त्याचा चर्र आवाज. गोलमो हाताने पसरताना पावसासारखी सळसळ. कावळ्यांना हाकलायला ती बोलायचीच नाही, नुसती जीभ टाळूला लावून टक् करायची. आणि या सगळ्याच्या खाली मतलय, माइकवर केसाळ टोपी घातली तरी घुमणारा.

रेवाने तिला विचारलं, ही जागा पडीक आहे असं सरकार म्हणतं, तुम्हाला काय वाटतं. मावशी बांगडे उलटतच राहिली.

"साहेब घोड्यावरसून इलो," ती म्हणाली, "बघल्यान आणि लिवन गेलो. तेका वाळू दिसली. माझी आजेसासू हंय मासे सुकवी, सासू सुकवी, मी सुकवतंय. मगे ही जागा पडान रवली कधी, ता माका सांगा."

पुढचा बांगडा उलटून म्हणाली, "आणि आताचे साहेब तर चालत येतत. तेंका तरी दिसाक होया."

'आताचे साहेब' म्हणजे कोण हे वाडीत सगळ्यांना समजलं असतं. कंपनीच्या माणसांबरोबर पट्टीवर चालत फिरणारे एकच होते, आमचे नाना. मावशीच्या नवऱ्याचे चुलत भाऊ, वयाने मोठे, दोन ट्रॉलरचे मालक. वाडीत नानांशिवाय लग्न ठरत नाही आणि भांडण मिटत नाही. कंपनीने त्यांच्या मुलांना पाण्यातल्या खेळांचा ठेका आणि वाडीतल्या पोरांना नोकऱ्या कबूल केल्या होत्या.

माहितीपट पूर्ण झाल्यावर पावसाळा संपता संपता पुण्यात एका छोट्या सभागृहात तो दाखवला. रेवाने मलाही नेलं. अंधारात माझी मावशी भिंतीएवढी झाली. तिच्या हातावरचे मिठाचे चरे दिसत होते. बाजूला बसलेली बाई हुंदके देत होती. संपल्यावर टाळ्या, मग चहा आणि बिस्किटं. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, काय सुंदर दुःख टिपलंय हो तुम्ही. दुसऱ्याने विचारलं की मालवणात घरगुती जेवण कुठे चांगलं मिळतं. तिसरी एक विद्यार्थिनी वसाहतवादावर बराच वेळ बोलली, बोलली ते चुकीचं नव्हतं, पण तिने एकदाही मावशीचं नाव घेतलं नाही, 'ती स्त्री' म्हणत राहिली. मी चहा तसाच ठेवून बाहेर गेलो. रेवा मागून आली.

"रागावलात?"

"नाय हो मॅडम," मी म्हणालो. "तुमची माणसं चांगली आहेत. रडतात, आणि मग घरी जातात."

ती म्हणाली, "म्हणूनच मला तो तुमच्या वाडीत दाखवायचा आहे."

तिथे मी तिला अडवायला हवं होतं असं माझी बायको अजून म्हणते. मला तसं वाटत नाही. ज्यांचा चेहरा आहे त्यांना तो दाखवायला नको, हे कुठलं शहाणपण?

तर दिवाळी झाली, मतलय सुटला, आणि माहितीपट घरी आला. मासळीचा लिलाव होतो त्या पत्र्याच्या शेडीत, दुपारच्या वेळी. उजेड अडवायला आम्ही चहूबाजूंनी ताडपत्र्या बांधल्या. आत माशांचा वास आणि गरमी. वाडी झाडून आली होती, कारण आपली माणसं पडद्यावर दिसणार होती. सुरुवातीला हशा, शिट्ट्या. कोणाची होडी दिसली की नाव घेऊन ओरडायचे. मावशी बायकांमध्ये मागे बसली होती, नवं लुगडं नेसून.

मग ते वाक्य आलं. आताचे साहेब तर चालत येतत.

हसू थांबलं. नाना पुढच्या खुर्चीवरून उठले आणि पडद्यासमोर उभे राहिले. त्यांची सावली मावशीच्या तोंडावर पडली. आवाज चालूच होता. त्यांच्या सदऱ्यावर बांगडे उलटले जात होते.

"बंद करा ह्या," ते म्हणाले. "बायलमाणसांची तोंडा मुंबय-पुण्याक दाखवन गावाचा काय भला होतला? आमच्या पोरांका नोकऱ्यो मिळतल्यो, त्यो घालवूक बसलेत हे."

रेवा म्हणाली, "नाना, पूर्ण बघा, मग बोलू."

"तुमी आमच्या घरातली भांडणा इकून खातास," नाना तिला म्हणाले. त्यांच्या मुलाने वायर ओढली. ताडपत्र्या सुटल्या, ऊन आत आलं, लोक डोळे चोळत निघून गेले. मावशीकडे कोणी पाहिलं नाही. तिथेच मला समजायला हवं होतं.

वाळीत टाकणं आता कायद्याने गुन्हा आहे, म्हणून कोणी जाहीर करत नाही. कोणी बोलावून सांगत नाही. फक्त सकाळ होते. रापण ओढली जाते, म्हणजे ते लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावर ओढून आणतात, मासळी वाळूवर ओतली जाते आणि बायका आपापल्या टोपल्या ओळीने मांडतात. मावशीनेही मांडली. माशांनी भरलेली घमेली एकेका टोपलीत रिकामी होत आली. मावशीच्या टोपलीपाशी आल्यावर वाटणाऱ्या माणसाने एक पाऊल जास्त टाकलं आणि पुढची टोपली भरली. एवढंच. शिवी नाही, धक्का नाही. तो माणूस लहानपणी माझ्याबरोबर शाळेत होता. त्याच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं.

मावशी टोपली तिथेच ठेवून उभी राहिली. शेजारच्या बायका मासे निवडण्यात गुंतल्या, एकदम फारच गुंतल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दुकानात मीठ संपलेलं असायचं. विहिरीवर ती आली की दोर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असायचा. माझ्या आईने तिच्या घरी कालवण पाठवलं तर आईशीही दोन दिवस विहिरीवर कोणी बोललं नाही.

त्या हिवाळ्याचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि तो आवाज म्हणजे काहीच नसण्याचा आहे. मावशीच्या जागेवरून बांगड्यांचा चर्र गेला, गोलमोची सळसळ गेली. कावळेसुद्धा दुसरीकडे गेले. सारवलेली जमीन रिकामी, त्यावर जुनं जाळं, आणि तिथे ती रोज सकाळी जाऊन बसायची.

"घराक बस ना गो," मी म्हणायचो.

"मी घराक बसलंय तर ही पडीक होतली," ती म्हणायची.

वाडीतला एकही पुरुष तिच्या बाजूने बोलला नाही. मी बोललो, पण मी बोललो तर ते 'त्या मुंबयवालीचो माणूस' बोलला असं झालं. माझी दोन लग्नांची कामं गेली. मी भांडलो, एकदा तर वाटणाऱ्या त्या मित्राची कॉलर धरली. तो म्हणाला, माका पोटाक होया रे विनू, नानांच्या होडयेर जातंय मी. मी कॉलर सोडली, पण त्याच्याशी आजतागायत बोललेलो नाही.

मदत आली ती बाहेरून. खारेपाटणचे रज्जाकचाचा, सुक्या मासळीचे व्यापारी, दर आठवड्याला टेम्पो घेऊन वाडीत यायचे. त्यांच्या वडिलांनी मावशीच्या सासूकडून माल घेतला होता. मावशीची रिकामी जागा बघून ते तिच्या दारात टेकले.

"बाय, माल नाय?"

"माका नुस्ता देणत नाय, चाचानू."

नुस्तं म्हणजे आमच्याकडे मासळी. पुढच्या फेरीला टेम्पोतून बर्फातले बांगडे आले, विजयदुर्गाहून उचललेले. मावशीच्या जागेवर पुन्हा मीठ लागलं, ओळी लागल्या. तेव्हा चाचांचा टेम्पो वाडीच्या वळणावर अडवला गेला. तुझा धंदा आणखी चार गावांत आहे, इथे येऊ नको, असं त्यांना सांगितलं. आणि त्यांच्या धर्मावरून जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. साहेबाला शिव्या देणारी तोंडं हीच होती. मग चाचा वळणाच्या बाहेर पिंपळाखाली टेम्पो लावायचे आणि मी मोटरसायकलवरून क्रेट आणायचो. कपडे, गाडी, दुकानातला कॅमेरासुद्धा बांगड्यांच्या वासाने भरला. नवऱ्या मुली नाक मुरडायच्या.

ही हकिगत रेवाला कळली तेव्हा ती धावत आली. मावशीच्या पडवीत बसून म्हणाली की ती मावशीचा भाग माहितीपटातून काढून टाकेल. सगळा. तिचे डोळे सुजलेले होते. त्या दिवशी मला तिचा राग जरा कमी आला.

मावशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काडून काय करतलस?"

"तुम्हाला त्रास झाला माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे झालो, ता खरा," मावशी म्हणाली. तिने ते झाकलं नाही, आणि रेवानेही मान खाली घालून ऐकून घेतलं. "पण मी बोललंय ता खोटा नाय. काडलस तर खोटा ठरतला. परत दाखव."

"कुठे?"

"माझ्या जागेर. शेड तेंची. वाळू माझी."

आणि दाखवला. दिवस बुडाल्यावर, सुरूच्या दोन झाडांना पांढरी चादर बांधून, माझ्या दुकानातल्या इन्व्हर्टरवर. वाडीत कोणाला बोलावणं केलं नाही, फक्त स्पीकर वाडीकडे तोंड करून ठेवला. आधी कोणीच नव्हतं. मग बनाच्या कडेला बायका दिसू लागल्या, पदर डोक्यावर, येऊ की नको अशा. मग काही पुरुष, मागे, विड्या ओढत. नानांचे मुलगे आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

मावशीने घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि चादरीच्या अगदी बाजूला ठेवली. लोकांकडे तोंड करून बसली. चित्र तिच्या पाठीमागे चाललं होतं, ती ते बघतच नव्हती. ती एकेका माणसाकडे बघत होती. मोठी मावशी चादरीवर बोलत होती आणि छोटी मावशी गप्प बसून सगळ्यांच्या डोळ्यांत बघत होती. मासळी वाटणाऱ्या माझ्या मित्राकडे बघितलं तेव्हा त्याने विडी वाळूत विझवली. आताचे साहेब हे वाक्य आलं तेव्हा ती नानांच्या मुलांकडे बघत होती. थोरल्याने घडी सोडली, धाकट्याला काहीतरी म्हणाला आणि दोघे बनातून निघून गेले. वायर कोणी ओढली नाही.

दुसऱ्या सकाळी रापणीवर दोन बायकांनी आपल्या टोपल्यांतले बांगडे ओंजळीने मावशीच्या टोपलीत टाकले. कोणाकडे न बघता. बाकीच्यांनी नाही टाकले. हे इतकंच झालं आणि लोक मला सांगतात की केवढं मोठं झालं. मला तेव्हा दोन ओंजळी दिसल्या आणि उरलेले सगळे हात दिसले.

माहितीपटाने काही थांबलं नाही हेही सांगून टाकतो, नाहीतर कोणाला वाटेल की शेवटी सत्याचा विजय वगैरे झाला. पुढच्या वर्षी बंदोबस्तात कुंपण लागलं. बायकांनी दिवसभर वाळूवर बसून अडवलं तेव्हा मावशीची आणि आणखी थोड्या जणींची टोकाची जागा कशीबशी बाहेर राहिली, उरलेली पट्टी आत गेली. तिच्यावर लॉन लावलं आहे. वाळूवर गवत. त्याला दिवसातून दोनदा गोडं पाणी घालतात, आणि आमच्या विहिरी होळीच्या आधी तळाला जातात.

या हिवाळ्यात, म्हणजे इतक्या वर्षांनी, कंपनीने होड्यांची वाटसुद्धा बंद केली. पाहुण्यांना जाळ्यांचा वास येतो म्हणे. नानांच्या मुलांचा ठेका गोव्याच्या माणसाला दिला. मतलय सुटल्यावर एका सकाळी नाना माझ्या दारात उभे राहिले. काठी घेऊन चालतात आता.

"विनू, त्या रेवाबायक बोलव," म्हणाले. "कॅमेरो घेवन येवंदे. माका बोलूचा आसा."

मला हसू आलं, वाईट हसू. मी म्हणालो, "कित्या? गावाची बदनामी होतली ना, नानानू?"

मी त्यांना तसंच उभं ठेवलं, बसा म्हटलं नाही. त्यांना हाकलून द्यायचं वाक्य माझ्या तोंडात अनेक वर्षं तयार होतं. पण मावशीला विचारल्याशिवाय ते मला वापरता येईना. तिला विचारलं. ती म्हणाली, "बोलव. पण माझ्या जागेर बसान बोलूंदे तेका."

रेवा आली. केस पांढरे झालेत तिचे. नाना मावशीच्या वाळूवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. त्यांच्या सदऱ्याला माइक लावणं माझं काम होतं आणि तो लावताना मी मुद्दाम हात सौम्य ठेवला नाही. हेडफोनमध्ये त्यांचा दम ऐकू येत होता, म्हाताऱ्याचा, शिट्टी मारणारा. मावशी बाजूलाच बांगडे उलटत होती. रेवाने खूण केली.

"आमच्यार अन्याय झालो," नानांनी सुरुवात केली. "आमची वाट घेतल्यानी. आमचो समुद्र..."

"आमच्या म्हंजे कोणाच्या, नानानू?" मावशीने विचारलं. हात चालूच.

रेवाने कॅमेरा बंद केला नाही. मीही आवाज कमी केला नाही.

नाना म्हणाले, "आमच्या म्हंजे वाडीच्या."

"वाडीत मी आसंय काय नाय?"

पाणी वाजत होतं. नानांनी माइकची वायर बोटांनी चाचपली, सोडली. माझ्या मनात आलं की उठावं त्यांनी आणि जावं, म्हणजे मला त्यांचा तिरस्कार नीट, पूर्ण करता येईल.

"आसस," नाना म्हणाले.

"मगे बोला आता," मावशी म्हणाली आणि पुढची ओळ उलटायला घेतली.

नाना बोलले. बराच वेळ बोलले, चांगलं बोलले. मावशीला तो एक शब्द पुरला असावा, कारण निघताना तिने त्यांना पाणी दिलं. मी माइक काढून घेतला, वायर गुंडाळली आणि त्यांच्याकडे न बघता पेटीत ठेवली.